बदलापूरला लग्नाला जाताय? मला सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

फेब्रुवारीत कॉलेजच्या मैत्रिणीचं लग्न बदलापूरला होतं. शुक्रवारी संध्याकाळी गेले ती थेट सोमवारी सकाळी परतले. तेव्हापासून ज्यांच्या ज्यांच्या घरी कल्याणच्या पलीकडची पत्रिका आली ते सगळे मला मेसेज करतायत, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी परळची, त्यामुळे हिशोब दादरपासूनचा आहे. लग्न आगरी घरातलं होतं, तेव्हा विधींबद्दल जे लिहिलंय ते तिथे बघितलेलं आहे, तुमच्या पत्रिकेतल्या घरी थोडं वेगळं असू शकतं.

१. बदलापूर मुंबईतच येतं ना?

नाही. ठाणे जिल्हा, अंबरनाथ तालुका, आणि कुळगाव-बदलापूर अशी स्वतःची नगरपरिषद आहे. सीएसएमटीपासून रेल्वेने साधारण ६८ किलोमीटर. पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं तिथले लोक सांगतात. अंबरनाथ सोडलं की डोंगर जवळ यायला लागतात, मलंगगड दिसतो, हवा बदलते, आणि फेब्रुवारीत रात्री शाल लागते, ती घेऊन जाच.

२. नक्की कुठली लोकल पकडायची?

बदलापूर, कर्जत किंवा खोपोली. अंबरनाथ लोकल एक स्टेशन आधी संपते, तिने गेलात तर तिथे उतरून मागून येणारी गाडी बघा. टिटवाळा, आसनगाव, कसारा यातली कुठलीही नको, कारण कल्याणला लाइन फुटते आणि त्या गाड्या शहाडकडे वळतात. आमच्यातली एक जण घाईत टिटवाळ्यात बसली, शहाडला उतरून परत कल्याणला आली, आणि तोवर मंगलाष्टकं संपली होती, तिला अजून त्याचं वाईट वाटतं.

आणि फास्टचा अर्थ कल्याणपर्यंतच. तिथून पुढे कर्जतकडे दोनच रूळ आहेत, मेल-एक्स्प्रेस पण त्यावरूनच जातात, त्यामुळे प्रत्येक लोकल सगळीकडे थांबते आणि एखादी एक्स्प्रेस पुढे काढायची असली की तुमची गाडी उभी राहते. घरून निघताना वीस मिनिटं जास्तीची धरा.

३. वेळ किती लागतो? फार लांब आहे का?

दादरहून फास्ट मिळाली तर साधारण सव्वा तास, उतरून रिक्षा धरून दीड. वेस्टर्नवाल्यांनी दादरला बदलायचं, नवी मुंबईवाल्यांनी ठाण्याला.

पण "फार लांब" या शब्दाबद्दल मला बोलायचंय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मी स्वतः आठ वर्षं हेच म्हणत होते. ही मैत्रीण आधी कॉलेजला आणि मग नोकरीला रोज दादरला यायची. सकाळचं लेक्चर असलं की पहाटे पाचला उठून. माझ्या वाढदिवसाला परळला आली, माझ्या आजीच्या वेळी रात्री अकराला निघून एकटी घरी पोचली, आमच्या ग्रुपची प्रत्येक भेट दादर, माटुंगा नाहीतर शिवाजी पार्कला ठरायची आणि ती कधी एका शब्दाने बोलली नाही. आठ वर्षांत आमच्यातलं कोणीही तिच्या घरी गेलं नव्हतं. लग्नात तिच्या आईने माझा हात हातात घेतला, म्हणाल्या "तुझं नाव रोज ऐकते गो बाय, तोंड आज बघते," आणि मला त्यांच्याकडे वर बघवेना. त्यामुळे आता कोणी अंतर विचारलं की मी आधी सांगते, तुमचा मित्र किंवा मैत्रीण तेच अंतर रोज दोनदा कापते.

४. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघाले तर चालेल?

चालेल, पण सहाच्या पुढची बदलापूर लोकल म्हणजे घरी परतणाऱ्यांची गर्दी, दादरला हातात बॅग, साडीचा बॉक्स आणि आहेराची पिशवी घेऊन त्यात शिरणं खरंच अवघड आहे. हाफ डे टाका आणि चारच्या आत निघा. जमत नसेल तर भायखळ्याला किंवा सीएसएमटीला उलटं जाऊन तिथून गाडी धरा, वीस मिनिटं जातील पण उभं राहायला तरी नीट जागा मिळेल. एसी लोकल असेल तर बघा, फक्त तिचं तिकीट वेगळं असतं, साध्या तिकिटावर चढू नका.

लेडीज डब्यात चढल्यावर बसलेल्यांना "कुठे?" म्हणून विचारायचं. कोणी ठाणं म्हणालं की ती जागा तुमची, मग दुसरं कोणी विचारलं तर तुम्ही सांगायचं की इथे मी आहे. हा नियम सगळ्याजणी पाळतात.

५. लग्न रविवारी आहे, मेगाब्लॉक असला तर?

बहुतेक रविवारी कुठे ना कुठे असतोच, आणि सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत, म्हणजे नेमका मुहूर्ताच्या वेळेला. शनिवारी रात्री एकदा चेक करा. माटुंगा-मुलुंड असेल तर फास्ट गाड्या स्लो लाइनवरून चालवतात, उशीर होतो पण पोचता. कल्याणच्या पुढे ब्लॉक असेल तर मात्र सकाळी लवकर निघण्याला पर्याय नाही. किंवा आदल्या रात्रीच जा, बघा प्रश्न १३.

६. गाडीने आलो तर?

मुंब्रा बायपास, शिळफाटा, काटई नाका आणि मग काटई-बदलापूर रस्ता. शिळफाट्याला किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही. बरोबर वयस्कर माणसं असतील तर गाडी ठीक, नाहीतर लोकलच.

७. पत्रिकेत पूर्व लिहिलंय आणि मॅप पश्चिम दाखवतोय, काय करू?

पत्रिकेवर विश्वास ठेवा आणि नवरीच्या भावाला एक फोन करा. ब्रिज उतरायच्या आधीच हे ठरवायचं, चुकीच्या बाजूला उतरून रिक्षात बसलात तर लांबचा वळसा पडतो. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा असतात, हॉलचं नाव सांगितलं की लाइनमधला कोणीही बरोबर रिक्षा दाखवतो. हॉल गावाच्या बाजूला असेल तर शेअर मिळत नाही, स्पेशल करावी लागते, पैसे बसायच्या आधी विचारा.

८. हळदीचंही आमंत्रण आहे. फक्त लग्नाला गेलं तर चालणार नाही का?

चालेल, कोणी रागावणार नाही. पण मला विचाराल तर एकच दिवस जमत असेल तर हळदीला जा. हॉलमधलं लग्न सगळीकडे जवळपास सारखंच असतं, स्टेज, सोफा, फोटोची लाइन. हळद घरी असते, दारात मांडव, आणि तिथे तुम्हाला माणसं भेटतात.

आमच्या मैत्रिणीच्या दारात आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या होत्या. नवऱ्याकडची उष्टी हळद पनवेलहून येणार होती, गाडी अडकली आणि सगळं घर रस्त्याकडे डोळे लावून बसलं. शेवटी साडेसातला दोन मुलं ताट घेऊन धावत आली, रुमालाने झाकलेली वाटी, त्यात हळद अर्धी सुकलेली, तिच्या काकूंनी थोडं पाणी घालून बोटाने सारखी केली आणि मग एकेक सवाष्ण आंब्याच्या पानाने पाय, गुडघे, खांदे, कपाळ अशी लावत गेली. माझं लग्न झालेलं नाही म्हणून मी मागे उभी होते, तर तिच्या आईच म्हणाल्या की ये, तू पण लाव. मी लावली. हिरव्या चुड्यात तिचे हात, तेच हात जे आठ वर्षं ट्रेनच्या कडीला बघितले होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पिवळे कपडे विकत घ्यायची गरज नाही. जुने धुवट कपडे घाला, हळद अंगावर उडणारच.

९. धवळे म्हणजे काय? पत्रिकेत नाहीये पण मैत्रीण म्हणाली थांब, ऐकून जा.

थांबाच. आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, धवळे, गाणारी बाई. ती नुसती गात नाही, एकेक विधी त्या गाण्यांवर पुढे जातो, देवांना लग्नाचं आवतण दिलं जातं. हे सगळं पाठ असतं, लिहिलेलं समोर काही नसतं.

हळदीला डीजे होता आणि लोक मनापासून नाचले, त्यात मीही. रात्री दहाला तो बंद झाला, दहा ते सहा स्पीकर लावता येत नाही हा नियमच आहे. मला वाटलं आता सगळे पांगतील. तर मांडवाच्या कोपऱ्यात चटईवर बसलेल्या सत्तरीच्या एक आजी, नऊवारी, हातात चहाचा कप, त्यांनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि माइक नाही काही नाही, नुसतं सुरू केलं. एक ओळ त्या म्हणायच्या, तीच ओळ मागच्या बायका ओढून घ्यायच्या. निम्मे शब्द मला कळले नाहीत. चौथ्या-पाचव्या धवळ्याला नवरीच्या बापाने भिंतीकडे तोंड केलं. पोरांनी मोबाइल काढले तेव्हा आजी थांबल्या नाहीत आणि बघितलंही नाही.

मी नंतर विचारलं की हे कोणाला शिकवलंय का, तर म्हणाल्या सुनेला थोडं येतं. ज्यांच्या घरी अशा आजी आहेत त्यांनी बसून, शांतपणे, पूर्ण रेकॉर्ड करून ठेवा आणि शब्द विचारून लिहून घ्या, ही माझी अगदी हात जोडून विनंती आहे.

१०. जेवणात काय असतं? मी व्हेज आहे.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये व्हेजच, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा वगैरे. हळदीला बऱ्याच आगरी घरांत मटण, वडे, तांदळाच्या भाकऱ्या असतात, पण तो दिवस संकष्टीचा किंवा घरच्या वाराचा आला तर नसतं. तुम्ही व्हेज असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, आयत्या वेळी पानावर बसून सांगितलं तर घरच्या बायकांची धावपळ होते. मला वाढणाऱ्या मावशींनी तिसरी भाकरी न विचारता ठेवली, ती भाकरी इतकी मऊ आणि पातळ होती की मी नाही म्हटलं नाही.

११. आहेर किती द्यायचा? आणि "कृपया आहेर आणू नये" लिहिलं असेल तर?

किती ते तुमच्या नात्यावर, पाकिटात वर एक रुपया असतो हे माहीतच आहे. पत्रिकेत आणू नये लिहिलं असेल तर स्टेजवर पाकीट काढू नका, घेणाऱ्यालाही अवघड होतं. जवळची मैत्रीण असेल तर केळवण करा, लग्नाआधी घरी बोलावून जेवायला घाला आणि साडी तेव्हाच द्या. आम्ही ते केलं, पण तिला परळला बोलावून, म्हणजे परत तीच आली. आता करायचं असतं तर डबे घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो असतो.

१२. अक्षता टाकून लगेच निघालो तर बरं दिसेल का?

मुंबईकर बहुतेक तेच करतात, आणि तिकडच्या लोकांना ते माहीत आहे. आमच्या ग्रुपमधले सहा जण सव्वाच्या लोकलसाठी पळाले. खरंच काम असेल तर जा, पण भेटून जा, आणि न जेवता जाऊ नका, तिच्या आईवडिलांना ते लागतं.

थांबलात तर बघायला मिळतं. तिचा ट्रेनचा ग्रुप आला होता, अकरा बायका, कोणी बँकेत, कोणी हॉस्पिटलमध्ये, एक मंत्रालयात. त्यांनी तिचं केळवण लोकलमध्येच केलं होतं, डब्याला फुलांच्या माळा लावून, उल्हासनगर ते ठाणे, प्रत्येकीने एक पदार्थ आणून. हॉलमध्ये त्या जेवायला बसल्या तेव्हा मी शेजारी होते. एक खुर्ची रिकामी ठेवली होती, मी विचारलं कोणाची, तर म्हणाल्या हिची, ती नेहमी खिडकीच्या बाजूला बसते. आणि नवरी खरंच स्टेजवरून उतरून आली, शालू सावरत दोन मिनिटं त्या खुर्चीवर बसली, तिला सगळ्यांनी एकेक घास भरवला. सव्वाच्या लोकलने गेलेल्यांना हे दिसलं नाही.

१३. मुक्काम कुठे करायचा? त्यांच्या घरी राहायला संकोच वाटतो.

विचारलं असेल तर घरीच राहा. लग्नघरात कोण कुठे झोपलंय याचा हिशोब नसतो, गाद्या घातलेल्या असतात, मी नवरीच्या दोन चुलत बहिणी आणि एका आत्याच्या मधे झोपले. मुलगी एकटी असेल तर घरच सगळ्यात बरं, घरी आईशी त्यांचं बोलणं करून द्या म्हणजे दोन्हीकडे निर्धास्त.

पाण्याचं मात्र बघा. त्यांच्याकडे पाणी सकाळी ठराविक वेळेला येतं, त्यात तीस माणसं. लवकर उठा, एका बादलीत आंघोळ उरका, स्वतःचा टॉवेल न्या. आणि हातात काम घ्या, कोथिंबीर निवडा, ताटं पुसा, मुलांना भरवा. पाहुणी म्हणून खुर्चीवर बसलात तर चार दिवस पाहुणीच राहाल.

१४. रिसेप्शन संपल्यावर शेवटची लोकल चुकली तर?

रात्री मुंबईकडे येणाऱ्या गाड्या कमी होत जातात, तेव्हा शेवटची गाडी कोणती ते घरून निघायच्या आधीच टाइमटेबलवर बघून ठेवा आणि तिच्या एक आधीचीच धरा. चुकलीच तर स्टेशनवर बसू नका, परत लग्नघरी जा, तिथे कोणी झोपलेलं नसतं. पुढचं वर १३ मध्ये.

१५. आमच्याकडे सुतक आहे, जायचं का?

स्वतः ठरवून गप्प बसू नका, फोन करून सांगा. काही घरं अगदी पाळतात, काही म्हणतात रिसेप्शनला ये. पाळणारे असतील तर सुतक फिटल्यावर नवीन जोडप्याला भेटायला जा. न सांगता गैरहजर राहिलात तर त्यांना वाटेल लांब म्हणून आला नाहीत.

१६. पावसाळ्यात तारीख असेल तर?

आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात मुहूर्त बहुतेक नसतातच, पण हल्ली रजिस्टर करून रिसेप्शन ठेवतात. तेव्हा आदल्या दिवशीच पोचा. उल्हास नदी भरली की इथे गंमत नाही, २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त माणसं होती आत, एनडीआरएफने बोटी आणून काढली. मैत्रिणीच्या काकांनी ते पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मला भिंतीवर हात ठेवून दाखवलं, त्यांच्या खांद्याच्या वर. रेड अलर्ट असेल तर जाऊ नका, कोणीही समजून घेईल.

१७. मधे अर्धा दिवस मोकळा आहे, बघण्यासारखं काही?

एक स्टेशन मागे अंबरनाथचं शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. काळ्या दगडावर इतकं बारीक काम आहे की तास कमी पडतो. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं. कोंडेश्वर सुंदर आहे पण पावसात तिथल्या कुंडात उतरू नका, जीव गेलेत. मे-जूनमध्ये गेलात तर बदलापूरची जांभळं घ्या, आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात, भाव करत बसू नका.

१८. रविवारी राहून सोमवारी डायरेक्ट ऑफिस गाठता येतं का?

येतं, मी गाठलं. फक्त सकाळची, बदलापूरहून सुटणारी गाडी पकडा, मागून कर्जतवरून येणारी नको, ती भरून येते. गाडी लागायच्या पंधरा मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर, कपडे ऑफिसचे, साड्यांची बॅग शक्यतो मागे ठेवून या, भाऊ नंतर आणून देतो.

मी सहा वाजता पोचले तर तिचा ट्रेनचा ग्रुप उभा होता, काल जरीच्या साड्यांत होत्या त्या आज ड्रेस आणि पाठीला सॅक. गाडी आली, सगळ्या चढल्या, मी दारापाशीच उभी राहायला लागले तर मंत्रालयवाल्या काकूंनी हाक मारली, "अगं इकडे ये, खिडकीपाशी. ती आता पनवेलहून जाणार ना, बस तिच्या जागेवर." बसले. अंबरनाथ गेलं, उल्हासनगर गेलं, कल्याणला डबा भरला, डोंबिवलीला हलायला जागा उरली नाही. त्यांचा नियम आहे की बदलापूरपासून बसलेल्यांनी ठाण्याला उठायचं आणि उभ्या असलेल्यांना बसू द्यायचं. ठाणं आलं, मी उठले, डोंबिवलीला चढलेल्या एक मावशी बसल्या आणि मी वरची कडी धरली.